आईच्या मडक्यातली शाई

परत आल्यावर पहिले चार दिवस मी फक्त झोपले. उठायचं, पुढ्यात येईल ते खायचं, माठातलं पाणी प्यायचं (आधी उकळून, गाळून, कारण मी आता विलायतेहून आलेली होते) आणि पुन्हा आडवं व्हायचं. येणारे-जाणारे म्हणत, प्रवासाचा शीण असेल. मी मान हलवायची. खरं तर दोन वर्षं परक्या भाषेत वेळेवर हसून हसून माणूस जे दमतं ना, ते दमणं होतं ते. इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका ओलसर गिरणीच्या गावात मी कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र शिकले होते. पदवी पत्र्याच्या ट्रंकेत होती, तिच्यावर लोकरीचे चार स्वेटर होते, आणि बाहेर जयपूरचा मे महिना होता. पंख्याखाली पडल्या पडल्या मला वाटायचं, आता आयुष्यात कुणी काही विचारू नये.

पण आई विचारायची. "विलायतेत पलंग नव्हते काय गं? का सगळी झोप राखून आणलीस?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेशनातल्या पार्सल ऑफिसात होते. मूळचे आम्ही मिरजेकडचे. बदल्या होत होत इथं येऊन थांबलो आणि रेल्वेच्या क्वार्टरात रुजलो. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं भिंत घातलेलं परस. पहाटे मोर ओरडायचे, मग शंटिंगचं इंजिन डबे एकमेकांवर आपटायचं, मग नळ पाणी यायच्या आधी पाच मिनिटं घशात अडकल्यासारखा खाकरायचा आणि आई बादल्या घेऊन धावायची. ज्वारी धड मिळायची नाही, म्हणून भाकरी बाजरीची. तिच्याबरोबर कांदा-लसणाची चटणी, मिरजेहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून आलेली. मी काय करायची, तर भाकरीचा तुकडा सुरीनं कापायची. आता लिहिताना हात शिवशिवतात; त्या पोरीच्या हातून सुरी काढून घ्यावी आणि तिच्याच ताटावर वाजवावी. चहा मी कोरा मागायची. आई द्यायची, आणि शेजारी ओव्याची पूड ठेवायची. तिच्या मते कोरा चहा पोट बिघडल्याशिवाय कुणी पीत नसतं.

माणसं बघायला यायची. कॉलनीत मराठी घरं सहा-सात, त्यांतलं एकही चुकलं नाही. "तिकडं सगळे गोरेच का हो?" "बर्फ म्हणजे मतलब रस्त्यावरपण पडतो?" मी त्याच गोष्टी त्याच जागी हसत सांगायची. अण्णा कडेला बसून, जिथं मी विसरेन तिथं आठवण करून द्यायचे. आई मात्र त्या मैफलीत नसायची. ती परसात असायची. मला वाटायचं, कामं असतील.

परसात एक वास होता. आंबलेल्या उसाचा रस, गंजलेली कडी आणि भिजलेलं पोतं एकत्र करून उन्हात ठेवलं तर येईल तसा. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या दिवशी आईला म्हटलं, "इथं काहीतरी मेलंय." ती म्हणाली, "मेलं नाही, जिवंत आहे, म्हणून वास मारतंय," आणि धुणं वाळत घालायला गेली. मी पुढं विचारलं नाही. विचारायचाही कंटाळा आला होता मला, इतकी मी मोठी विदुषी.

पाचव्या दिवशी सकाळी आई बगरूला गेली. बगरू म्हणजे अजमेर रोडला बसनं तास-सव्वा तासावर, लाकडी ठशांनी हातानं कापड छापणाऱ्या छिप्यांचं गाव. मला वाटलं, चादरी आणायला गेली. त्या संध्याकाळी अण्णांच्या साहेबांच्या मिसेस मला बघायला येणार होत्या, आणि मी ठरवलं की आज घर जरा माणसांत आणायचं. साडीचा पदर खोचला, फिनेलची बाटली घेतली आणि वासाच्या मागावर निघाले. न्हाणीघराच्या मागं, ओल्या पोत्याखाली, गळ्यापर्यंत भरलेलं एक मोठं मडकं निघालं. वर पिवळट फेस. आत काठी घालून ढवळलं तर तळाशी घोड्याचे जुने नाल, डझनभर तरी. मला एकदम सगळं समजल्यासारखं झालं. अण्णांना साडेसाती लागली असणार, आणि कुणीतरी आईला शनीचा तोडगा सांगितला असणार. शिकलेल्या मुलीच्या घरात अंधश्रद्धा! मी मडकं ओढत मोरीपाशी नेलं आणि सगळं ओतून दिलं. ते किती वेळ गुडगुडत जात राहिलं. मग मोरी फिनेलनं घासली, नाल भिंतीवर ओळीनं मांडले, मडकं उपडं घातलं आणि कपाळाचा घाम पुसत स्वतःचं कौतुक करत बसले.

दुपारी अण्णा जेवायला आले. दोन घास खाल्ले आणि हवेत नाक वर करून म्हणाले, "आज वास कसा नाही गं परसात?"

"कसला वास?"

"अगं तुझ्या आईच्या शाईचा. हात लावू नकोस हां त्या मडक्याला, जीव घेईल ती. उद्या न्यायचंय तिला ते."

मग भाकरी मोडता मोडता त्यांनी जे सांगितलं ते असं. मी गेल्यावर आईला घर खायला उठलं. शेजारणीबरोबर ती बगरूला चादरी घ्यायला गेली, आणि रामधनजी म्हणून एक म्हातारे छिपा होते त्यांच्या ओसरीवर बसल्या बसल्या तिनं धुळीत बोटानं गोपद्मं काढली, चातुर्मासात उंबऱ्याशी काढायची तशी. रामधनजींना ती नक्षी आवडली. त्यांनी तिचा ठसा कोरून घेतला. आई म्हणाली, मीच छापते. छिप्यांच्या बायका कापड धुतात, रंगवतात, पण ठसा पुरुषाच्या हातात असतो. त्यात ही बाहेरची. वर्षभर ही जात राहिली, बघत राहिली, कापडं भिजवत राहिली. शेवटी रामधनजी म्हणाले, बरं, एक दिवस मेज तुमची. पण शाई तुम्ही करायची, तुमच्या घरी, सुरुवातीपासून. ती धरली तर ठसा हातात देईन. ती काळी शाई लोखंड आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून होते. स्टेशनबाहेरच्या टांगेवाल्यांना "भैया, पुराना नाल है क्या" करत करत आईनं ते नाल जमवले होते. चौमासा लागला की छपाई बंद. म्हणून दिवस उद्याचा ठरला होता.

"आज हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायला गेलीय," अण्णा म्हणाले. "ते काय ते तुला माहीत असेल. तुझाच विषय की."

माझाच विषय. हिरड्यात टॅनिन असतं, लोखंड त्याला भेटलं की काळा रंग कापडाच्या धाग्यात कायमचा बसतो. यावर मी तिकडं पंचवीस पानं लिहिली होती, आकृत्यांसकट. तीच गोष्ट मडक्यात आपला आपला फेस काढत माझ्या घरी बसली होती आणि मी ती मोरीत ओतली होती. अण्णांना मी म्हटलं, "हो का? बघितलं नाही मी." ते ऑफिसला गेले आणि मी तशीच रिक्षा करून चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, गेले. पंसाऱ्याकडून, म्हणजे काष्ठौषधीवाल्याकडून, हिराकस घेतलं. तेही लोखंडच. पाण्यात टाकलं की झाली शाई. आठवडे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात. घरी येऊन मडकं भरलं, दिसायला असावा म्हणून गुळाचा एक खडा टाकला, नाल आत सोडले, पोतं पांघरलं. साहेबांच्या मिसेस आल्या, कैरीचं पन्हं प्याल्या, तिकडं सगळे गोरेच का ते विचारून गेल्या. संध्याकाळी आई आली. बोटं हिरड्यानं पिवळी, पाय धुळीनं भरलेले. ती आधी परसात गेली. पोतं उचललं. काठीनं ढवळलं. थोडा वेळ तशीच वाकून राहिली, मग पोतं परत नीट पांघरून आत आली आणि म्हणाली, "परस छान घासलंयस." मला वाटलं, पास झाले.

माझी नात हा भाग वाचताना (तिला मराठी वाचायला अजून ओळीखाली बोट लागतं) म्हणाली, "आजी, तू सांगून का नाही टाकलंस तेव्हाच?" काय सांगणार तिला! पंचविसाव्या वर्षी माणसाला वाटत असतं की चूक लपवली की ती झालीच नाही. सत्तरीनंतर उमगतं. पण तोवर सांगायचं ज्यांना, ते नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आई, मी आणि मडकं असे निघालो. मडक्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं, आईच्या मांडीवर. बस गच्च भरलेली, पण आमच्यापासून कुणी सरकलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. हे माझ्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं असणार.

रामधनजी पांढऱ्या मिशांचे, एका कानात बाळी घातलेले. मोठ्या आवारात सगळीकडं लांबच लांब कापडं वाळत घातलेली. आईचं कापड लांब मेजेवर ताणून ठेवलं होतं, हिरड्यानं फिकट पिवळं झालेलं, आणि शेजारी शिसवी ठसा. मी पहिल्यांदा ती गोपद्मं लाकडात पाहिली. आईनं माझी ओळख करून दिली. "ये मेरी लड़की. विलायत में रंग सीखके आई."

"अच्छा?" ते म्हणाले, आणि मला हात जोडले. मीही जोडले, मोठ्या रुबाबात.

त्यांनी फडकं सोडलं. एका चिंधीवर काडीनं थेंब टाकला. थेंब पसरला आणि बघता बघता काळा झाला, चांगला काळा. रामधनजी मात्र मडक्यावर वाकले. वास घेतला. बोट बुडवून दोन बोटांत चोळलं.

"काला तो है," ते म्हणाले. "पण इसमें जान कोनी. ये कसीस है."

जान कोनी म्हणजे जीव नाही, आणि कसीस म्हणजे माझं हिराकस. ते आत गेले आणि एक जुनी रजईची खोळ घेऊन आले. तिच्यावर कधीकाळी काळी फुलं असावीत. आता जिथं फूल तिथं भोक होतं. अख्खी खोळ फुलांच्या आकाराच्या भोकांची. "मेरे भाई ने जल्दी की थी," ते म्हणाले. "दो धुलाई में कपड़ा खा गई."

हिराकसातलं आम्ल सुती धागा कुरतडतं. हेही मी लिहिलं होतं, त्याच पंचवीस पानांत. परीक्षेत यावर गुणही मिळाले होते.

"बाईसा," रामधनजी म्हणाले, "ये आपने बनाई?"

आता सांगायचं होतं. माझ्याकडं तेवढी जागा होती, दोन श्वासांची. मी खोळीच्या भोकांतून पलीकडची भिंत बघत राहिले. आई म्हणाली, "हाँ जी. मैंने ही. वो जरा जल्दी में हो गया."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. ठसा उचलून कापडात गुंडाळला आणि म्हणाले, "फिर चौमासे के बाद देखेंगे." म्हणजे चार महिने. म्हणजे कदाचित कधीच नाही. त्यांच्या घरातल्या पुरुषांना ही बाई मेजेवर नकोच होती, हे आवारातल्या तोंडांवरून दिसत होतं. आईनं मडकं तिथंच आवाराच्या कडेला रिकामं केलं, नाल वेचून परत आत टाकले आणि पदरानं पुसून ते काखेत घेतलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. गरम वारा तोंडावर आपटत होता. आई खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसली होती. ती मला एकदम म्हातारी दिसली, आणि तेव्हा ती आजच्या माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान होती.

"काल संध्याकाळीच कळलं मला," ती म्हणाली. "फेस नव्हता."

"मग नेलंस कशाला?"

"म्हटलं, दोन वर्षं शिकून आलीय पोरगी. हिला काहीतरी येत असेल की." आणि डोळे मिटले. जयपूर येईपर्यंत उघडले नाहीत.

ती ओरडली असती तर मी भांडले असते. भांडण मला येत होतं, दोन भाषांत. पण हे वाक्य कुठं ठेवायचं ते कळेना. जेवताना ते ताटाशी, झोपताना उशाशी. एका दिवसानंतर मी कुणाला न सांगता दुपारची बस पकडली आणि एकटी बगरूला गेले. आवार सुनसान होतं, माणसं आडोशाला झोपलेली. रामधनजी खाटेवर बसून पाय चोळत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. शाई आईची होती, चांगली होती, मी फेकली, मीच कसीस घातलं, माझी आई खोटं बोलली, माझ्यासाठी. हिंदी माझी चांगली होती, पण त्या दिवशी तिचे तुकडे तुकडे पडत होते.

ते ऐकत राहिले. मग विचारलं, "फेंकी कठै?"

"मोरी में."

"क्यूँ?"

"बदबू आ रही थी."

ते इतके हसले की खोकला लागला. पाण्याचा लोटा तोंडाला लावला, पुन्हा हसले, आतल्या कुणालातरी हाक मारून सांगितलं, आणि आत चारपाच बायका हसल्याचा आवाज आला. मी तिथं उन्हात उभी. विलायतेत मला इतकं कुणी हसलं असतं तर मी खोलीत जाऊन रडले असते. इथं मला बरं वाटत होतं, का ते विचारू नका. डोळे पुसून ते म्हणाले, "बाईसा ने बोलो, आज ही भरे. गर्मी तेज है, बारह-चौदह दिन में पक जाएगी. बादल से पहले आ जावे. मेज खाली रखूँगा." मग मी वळल्यावर मागून, "और आप उस मटके से दूर रहना!"

घरी येऊन मी आईला इतकंच सांगितलं, की रामधनजींचा निरोप आलाय, चौमासा लागायच्या आत ये म्हणतात. निरोप कुणाबरोबर आला ते तिनं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी तिनं गूळ फोडला.

त्या चौदा दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आईनं परसाच्या दाराला आतून-बाहेरून कडी बसवून घेतली. समुद्रापलीकडं एकटीला जायला जिनं परवानगी दिली होती, तिनं मला न्हाणीघरामागं जायला बंदी केली. वास पुन्हा सुरू झाला आणि वाढत गेला. पाहुणे रुमाल लावून बसायचे. मी त्यांना सांगायची, "आईची शाई आहे," आणि बर्फाची गोष्ट अर्धवट सोडायची. मुंबईच्या एका गिरणीत माझी नोकरी जवळजवळ ठरली होती. अण्णा रोज विचारायचे, पत्राचं उत्तर कधी धाडतेस. मी म्हणायची, उद्या. आई सकाळ-संध्याकाळ मडक्याशी जाऊन ढवळायची, परत येऊन भिंतीला पाठ लावून बसायची. दमलेली असायची ती. मीही दमलेली असायची, काही न करता. आम्ही दोघी समोरासमोर बसून कैरीच्या फोडी खायचो, मीठ लावून, आणि फारसं बोलायचो नाही. त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं खाणं ते.

चौदाव्या दिवशी ती एकटीच गेली. "तू नको," म्हणाली. पश्चिमेकडं आभाळ मळकट झालं होतं. संध्याकाळी मी आणि अण्णा बसच्या स्टँडवर जाऊन उभे राहिलो. एक बस गेली, दुसरी गेली. तिसरीतून आई उतरली, काखेत मडकं. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळी, गालावरही एक फराटा. साडीचा रंग कुठला हे सांगता येऊ नये इतकी धूळ.

"काय झालं?" अण्णा म्हणाले.

"पहिली ओळ वाकडी गेली."

"मग?"

"मग काय, दुसरी मारली. अख्खं कापड झालं. वाळतंय." तिला उभं राहवत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. "रामधनजींनी सांगितलं मला. भर दुपारी गेली होतीस म्हणे."

"हो."

"डोक्यावर काही घेतलं होतंस?"

"नाही."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली, आणि काखेतलं मडकं काढून माझ्या हातात दिलं. "हे धर. तळाला थोडी उरलीय, पुढच्याला विरजण म्हणून. सांडलीस तर बघ."

दोन्ही हातांनी ते पोटाशी धरून मी चालू लागले. वास थेट नाकात जात होता. खड्डा दिसला की थांबायची, सायकल आली की थांबायची. स्टँडपासून क्वार्टरापर्यंत मी इतकी हळू चालले की आई, जिला पाऊल उचलवत नव्हतं, तीसुद्धा अण्णांच्या हाताला धरून पुढं निघून गेली.